कोऱ्या कागदावरचा अंगठा



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक जुनी गोष्ट ऐकायला मिळते. आजोबा किंवा पणजोबा अडीनडीला सावकाराच्या ओट्यावर गेले. घरात आजारपण असेल, नाहीतर लेकीचे लग्न. सावकाराने पैसे मोजून दिले आणि कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतला. त्या कागदावर पुढे काय लिहिले गेले ते आजोबांना कळले नाही. कळले तेव्हा जमिनीचा तुकडा गेला होता, नाहीतर घेतलेल्या शंभराचे हजार झाले होते. ही गोष्ट सांगून झाली की म्हातारी माणसे शेवटी एकच वाक्य म्हणत, "पोरांनो, शिका. वाचल्याबिगर कुठं अंगठा देऊ नका."

पोरे शिकली. कोणी शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर झाले, कोणी नर्स, कोणी शिक्षक. अंगठ्याच्या जागी सही आली. पण गेल्या काही वर्षांत तो अंगठा वेगळ्या वाटेने पुन्हा आपल्या घरात आला आहे. सिमकार्डाला अंगठा, रेशनला अंगठा, बँक मित्राकडे पैसे काढायला अंगठा. आणि मोबाईलवर जो ओटीपी येतो, तो तर बिनशाईचा अंगठाच. तो आकडा दुसऱ्याला सांगितला की पुढे आपल्या नावावर काय लिहिले जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणे. आजच्या सदरात आम्हाला याच विषयावर चार शब्द बोलायचे आहेत.

"आमच्याकडं हाय काय चोरायला?"

हा प्रश्न आम्हाला पुष्कळ घरांतून ऐकू येतो. खात्यात दोन-चार हजार रुपये, तेही महिनाअखेरीस संपलेले. मग चोर आपल्याकडे कशाला येईल? आमच्या शेजारच्या आक्काही हेच म्हणायच्या.

आक्का चार घरची धुणीभांडी करतात. एकदा बाजारातून येताना रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या एका पोराकडून त्यांनी स्वस्तातले सिमकार्ड घेतले. त्याने आधारची झेरॉक्स घेतली, मशीनवर अंगठा लावायला सांगितले. "मावशी, अंगठा नीट उठंना, परत लावा." आक्कांनी परत लावला. "अजून एकदा." आक्कांना त्यात काही वावगे वाटले नाही. भांडी घासून घासून बोटांच्या रेषा गेल्यात, रेशन दुकानातही त्यांचा अंगठा दोन-तीनदा लावावा लागतो.

काही महिन्यांनी परराज्यातल्या पोलीस ठाण्याचे पत्र आले. आक्कांच्या नावावरच्या एका मोबाईल नंबरवरून कोणाची तरी फसवणूक झाली होती. तो नंबर आक्कांनी कधी पाहिलाही नव्हता. त्या पत्र घेऊन आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. "म्या कुणाचं काय वाईट केलं न्हाई, मग माझं नाव पोलिसांत कसं गेलं?"

पत्र खरे की खोटे हे आम्ही आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारले. ते खरे निघाले. मग आमच्या लेकीने सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आक्कांच्या नावावर किती नंबर आहेत ते पाहिले. त्यांच्या हातातल्या मोबाईलचा एक, आणि माहीत नसलेले तीन! ज्या मशीनवर अंगठा "उठत नव्हता", तिथे तो व्यवस्थित उठत होता. दरवेळी एक नवा नंबर निघत होता. ते नंबर बंद करण्यासाठी तिथेच कळवले, लेखी जबाब दिला. आक्कांच्या खात्यातला एक रुपयाही गेला नाही. पण कामाचे खाडे झाले, एक घर सुटले आणि कित्येक रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हा आपल्याकडे चोरायला काय आहे? आपले नाव आहे. पोलिसांत नोंद नसलेले, स्वच्छ, कष्टाचे नाव. चोराला तेच हवे असते, कारण स्वतःच्या नावाने त्याला चोरी करता येत नाही.

कोल्हापूरच्या एटीएमवर काय घडले

हे किती मोठ्या प्रमाणावर चालते याचे एक उदाहरण खुद्द आपल्या कोल्हापुरात घडले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेच्या संगणकांत चोर शिरले. एटीएममधून पैसे काढताना मशीन आधी बँकेच्या संगणकाला विचारते, "या कार्डाला पैसे देऊ का?" चोरांनी मध्येच आपला एक खोटा संगणकी रस्ता बसवला. त्यामुळे हा प्रश्न बँकेपर्यंत पोचेच ना. मधला चोरच परस्पर "दे" म्हणून उत्तर देई. ११ ऑगस्टला काही तासांत बनावट कार्डे वापरून भारतासह २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यावर वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. भारतात ज्या शहरांत ही कार्डे चालली त्यांत मुंबई आणि इंदूरबरोबर आपले कोल्हापूरही होते. इथल्या एटीएममधून सुमारे ८९ लाख रुपये निघाले.

ही योजना आखणारे कोण? २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात या चोरीचा धागा उत्तर कोरियापर्यंत नेला. पण पोलिसांच्या हाती लागले ते कोण? कार्डे पोचवणारे आणि एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली. समुद्रापलीकडचा सूत्रधार कोठडीत आला नाही. मशीनवरच्या कॅमेऱ्यात ज्यांचा चेहरा दिसला, ते आले.

ग्राहकांच्या खात्यांतले पैसे सुरक्षित असल्याचे बँकेने तेव्हा जाहीर केले होते. तरीही ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण तिच्यातला धडा आपल्या तरुण पोरांसाठी आहे. या धंद्यात वरच्याला नेहमी खालचा एक माणूस लागतो. ज्याचे नाव, चेहरा, खाते पुढे करता येईल असा माणूस. तो माणूस आपल्या गल्लीतला होऊ नये.

खाते भाड्याने देऊ नका

आज एटीएमवर माणूस उभा करण्यापेक्षा सोपी रीत निघाली आहे. बेकार पोराला कोणी तरी गाठतो. "तुझ्या नावावर बँकेत खाते काढ. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे दे. महिन्याला काही हजार मिळतील. काम काही नाही." पोराला वाटते, खात्यात आपले पैसेच नाहीत, मग जाणार काय? आणि कुठे तरी नागपूरला किंवा हैदराबादला एखाद्या म्हाताऱ्याला फसवून घेतलेले पैसे या पोराच्या खात्यावर येतात आणि घटकाभरात पुढे जातात. तक्रार झाली की पोलीस पैशाच्या मागाने निघतात. पहिला पत्ता लागतो तो या पोराचा. खाते गोठते, चौकशी लागते, पुढच्या नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत अडचण येते. बापाने फौंड्रीच्या भट्टीपुढे उभे राहून ज्याला शिकवले, त्याची उमेद चार हजारांत संपते.

"परदेशात डेटा एन्ट्रीचे काम, पगार भरपूर" अशा जाहिरातींबद्दलही सावध राहा. थायलंडला नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेवरच्या वसाहतींत कोंडून त्यांच्याकडून लोकांना फसवण्याचे फोन करून घेतले जात होते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने विमाने पाठवून अशा पाचशेहून अधिक जणांना परत आणले. म्हणजे आपल्याला फसवायला फोन करणारा पोरगाही कधी कधी कोणाचा तरी कैदीच असतो.

झेरॉक्स कुठे जाते?

आपली कागदपत्रे आपण किती सैल हाताने देतो याचा विचार करा. शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बचत गट, गॅसची जोडणी, भाड्याची खोली, सगळीकडे आधारची झेरॉक्स. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत आपण तिथेच टाकून येतो. तीच उद्या भेळेच्या पुडीला लागली तर नवल नाही.

त्या क्रमांकाचा काय उपयोग होतो, हे २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या वेळी दिसले. पनवेलजवळच्या खारघरमधली एक महिला अर्ज भरायला गेली, तर तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज भरलेला! शोध घेता घेता तपास आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात पोचला. तिथे एका माणसाने दुसऱ्या बायकांचे आधार क्रमांक वापरून आपल्या बायकोच्या नावाने अनेक अर्ज भरले होते. नवरा-बायको दोघांना अटक झाली. ज्या बायकांचे क्रमांक वापरले गेले त्यांचे पैसे बँकेतून चोरले नव्हते, त्यांचा हक्कच वाटेत अडवला होता. गरिबाच्या बाबतीत नावाची चोरी ही बहुधा हक्काची चोरी असते, हे लक्षात ठेवा.

म्हणून या काही गोष्टी घरात आजपासून करा.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा, "फक्त अमुक कामासाठी", आणि खाली तारीख व सही. बिघडलेली प्रत फाडून टाका. शक्य तिथे ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते झाकलेले आधार द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते फुकट काढता येते.

अंगठ्याला कुलूप लावता येते. याच संकेतस्थळावर किंवा आधारच्या ॲपवर आपले ठसे बंद करून ठेवण्याची सोय आहे. ठशांची नक्कल करून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत, त्यावर हा उपाय आहे. मात्र एक लक्षात असू द्या. कुलूप असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. रेशनच्या दिवशी ते तात्पुरते उघडावे आणि नंतर पुन्हा लावावे. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू असला पाहिजे. माहिती हवी असल्यास १९४७ हा आधारचा मदत क्रमांक आहे.

वर्षातून दोनदा तरी घरातल्या प्रत्येकाच्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी'वर पाहा. आपल्या नावावर कोणी कर्ज काढले आहे का, हेही कळते. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिल ही त्यांपैकीच एक संस्था.

मोबाईलची रेंज अचानक गेली, शेजारच्याला आहे आणि आपल्याला नाही, असे तासन्‌तास राहिले तर "येईल मग" म्हणून बसू नका. आपल्या नंबरचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता असते. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा.

फसवणारे काय म्हणतात?

फसवण्याच्या रीती बदलत राहतात, पण त्यांचा पाया दोन गोष्टींवर असतो, आशा आणि भीती.

आशा अशी: "तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा." शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यावर परस्पर जमा होते, तिला कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही. "हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील." पिन फक्त पैसे द्यायला लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पाठ करून घ्या. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एखादी फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ते मोबाईलमध्ये शिरणारे ॲप आहे. ते उघडून बसवले तर आपले ओटीपी दुसरा वाचू शकतो. पाहुण्याच्या नावाने आली असेल तर पाहुण्याला फोन करून विचारा. बहुतेक वेळा त्याचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

भीती अशी: "तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, त्यात अमली पदार्थ आहेत. आम्ही पोलीस. कॅमेऱ्यासमोरून हलू नका. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे." बंधू-भगिनींनो, आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. फोनवरून अटक होत नाही, आणि अटक टाळायला पैसे भरा असे खरे पोलीस सांगत नाहीत. ज्या घराने पोलिसांचा धाक पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे, त्याच्या काळजाला खाकी कपडा पाहून धडकी भरते. फसवणाऱ्याला हे नेमके माहीत असते. म्हणून अशा वेळी कायदा काय म्हणतो ते आठवायचे, फोन ठेवायचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक मारायची. एकट्याने ऐकत बसायचे नाही.

सरकारी कामासाठी संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहा. सायबर कॅफेत अर्ज भरताना पासवर्ड तिथल्या वहीत लिहून ठेवू देऊ नका. तो आपल्या घरच्या वहीत राहू द्या.

फसवणूक झालीच तर

लाजून गप्प बसू नका. आम्ही अशी घरे पाहिली आहेत जिथे बाईने नवऱ्याच्या भीतीने आणि नवऱ्याने शेजाऱ्यांच्या हसण्याच्या भीतीने चार दिवस तोंड उघडले नाही. त्या चार दिवसांत पैसे दहा खात्यांतून फिरून गेले. २०२४ या एका वर्षात देशभरातल्या लोकांचे अशा फसवणुकीत २२ हजार कोटींहून अधिक रुपये गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, निवृत्त अधिकारीही होते. तेव्हा फसलो म्हणजे आपण अडाणी, असे मुळीच समजू नका.

पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन १९३० या क्रमांकावर करा. पैसे अजून एखाद्या खात्यात अडकलेले असतील तर ते तिथेच रोखता येतात. इथे मिनिटांना किंमत आहे. दुसरा फोन बँकेला, कार्ड आणि खाते थांबवण्यासाठी. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. कोल्हापुरात त्यासाठी स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे. संदेश, क्रमांक, पावत्या काही पुसू नका, तोच पुरावा.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ग्राहकांसाठी एक नियम घालून दिला. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी चोरी केली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तोटा ग्राहकाने सोसायचा नाही. मात्र आपणच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून दोन्ही प्रकारांत लवकर कळवणे आपल्याच हिताचे.

दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम लक्षात ठेवा. ठाण्यात कोणी "यात काय तक्रार घ्यायची" म्हणाले, तर ते नम्रपणे सांगता येईल.

शेवटी एक काम आम्ही आमच्या वाचकांवर सोपवतो. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींनी येत्या रविवारी आपल्या गल्लीतल्या पाच घरी जावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाईलवर १९३० हा क्रमांक साठवून द्यावा आणि त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहून द्यावे. मात्र त्यांचा पिन विचारू नये. त्यांनी सांगितला तरी ऐकू नये. उलट तिथेच समजावून सांगावे, "आजी, हा आकडा मलासुद्धा सांगायचा न्हाई."

आमच्या आक्का आता आधारची झेरॉक्स देताना पेन मागतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून समोरच्यालाच सांगतात, "ह्याच्यावर कशासाठी घेतलंय ते लिवा, मग देतो." परवा एका खोलीमालकाने कपाळाला आठ्या घालून विचारले, "मावशी, एवढा अविश्वास?" आक्का म्हणाल्या, "इश्वास हाय की. पर माझ्या आज्यानं कोऱ्या कागदावर अंगठा दिलाता. म्या न्हाई देणार."